आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

बाइंडरकाकांचं सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल, कारण ती केली दोघांनी आणि निस्तरली एकट्या त्यांनी. मी चर्चच्या कचेरीत टाइपिस्ट. पत्रं, नोटिसा, दाखल्यांच्या नकला, सगळं माझ्याकडे. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण जिथे बोलायला हवं होतं तिथे मी साडेतीन वर्षं गप्प बसले.

काका चर्चच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. कामही तिथेच: खिडकीखाली पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, शेजारी सरसाचं भांडं, आणि भिंतीला टेकून रचलेली आमच्या चर्चची फाटकी गीतपुस्तकं. माणूस नाकासमोर चालणारा. बोलायचं खातं काकूंकडे. गुडघे गेलेले, तरी काकू बसल्या जागेवरून सगळ्या गल्लीला शिस्त लावायच्या, आणि गल्लीत कुणी सापडलं नाही की काकांना. "सरसाचे हात दाराच्या कडीला लावू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" हे मी कचेरीच्या खिडकीतून शंभरदा ऐकलं असेल.

समुद्रापलीकडच्या एका चर्चच्या मंडळीशी आमच्या मंडळीचं नातं जुळलं त्याला बारा वर्षं झाली. पाळकसाहेब त्याला भारदस्तपणे 'भागीदारी' म्हणायचे. प्रत्यक्षात गोष्टी दोनच. दर महिन्याला आमच्या आजाऱ्यांची यादी तिकडे जायची आणि त्यांची इकडे यायची. त्यांच्यासाठी रविवारच्या उपासनेत आम्ही नाव घेऊन प्रार्थना करायची, आमच्यांसाठी त्यांनी. दुसरं म्हणजे इकडच्या एकेका घराला तिकडचं एकेक घर जोडून दिलं होतं, पत्रं लिहायला. काकूंच्या वाट्याला एक निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांचेही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे पहिल्या पत्रातच सूत जमलं. गुडघ्यांपायी काकूंचं नाव आजाऱ्यांच्या यादीत होतंच. काकू सांगायच्या आणि मी नर्सबाईंच्या भाषेत लिहायची. अर्ध्या पत्रात गुडघे, अर्ध्यात नवरा.

मग काकूंच्या पोटात काहीतरी निघालं आणि गुडघे बाजूलाच राहिले. सात आठवड्यांत त्या गेल्या; पोटाचं तिकडे कळवायचं राहूनच गेलं. मातीच्या दिवशी काका रडले नाहीत. आल्यागेल्याला खुर्च्या देत फिरत होते.

चार दिवसांनी महिन्याची यादी पाठवायची होती. मी त्यांच्या खोलीवर गेले. "काका, काकूंचं नाव काढते ना?"

ते एका पुस्तकाचे जुने दोरे कापत होते. मान वर न करता म्हणाले, "या महिन्यात राहू द्या, ताई."

एका महिन्याने कुणाचं काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हटलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. महिना संपायच्या आत नर्सबाईंचं पत्र आलं. गुडघे कसे आहेत, आमची सगळी मंडळी दर रविवारी तुझं नाव घेते, वगैरे. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"लिहा," म्हणाले. "थोडा उतार आहे म्हणावं."

"काका, हे पाप आहे."

"असेल. लिहा."

आणि मी लिहिलं. तिथून पुढे अळीमिळी गुपचिळी. आमची यादी आमच्या चर्चमध्ये कधी वाचलीच जात नसे, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. ज्या माणसाच्या तोंडून दिवसभरात चार शब्द फुटत नसत, तो पत्रापुरता काकू झाला की भडाभडा बोलायचा. "लिहा, आमच्या ह्यांनी काल परत दूध उतू घालवलं. लिहा, चष्मा कपाळावर आणि शोधतायत घरभर. लिहा, सांगून सांगून माझी जीभ झिजली." स्वतःलाच असं रागवताना ते खाली मान घालून बसायचे, खरोखर बोलणी खात असल्यासारखे. मला समोर हसू यायचं आणि गल्लीत आल्यावर रडू यायचं. मी त्यांना अडवलं नाही. ती बाई तिकडे दर रविवारी उभी राहून एका गेलेल्या माणसासाठी देवाला साकडं घालते आहे, याचा विचार मी मुद्दामच केला नाही.

साडेतीन वर्षांनी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, तिकडून सहा पाहुणे येणार. त्यात नर्सबाईंचं नाव. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी. एवढा प्रवास त्या कुणासाठी करतायत हे पत्रव्यवहार बघणाऱ्या मला एकटीलाच ठाऊक. धावत काकांकडे गेले.

"आजच खरं लिहून टाकू. उद्या नको."

"समोर आल्या की सांगतो."

"तुम्ही? समोर?"

त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. नंतर तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर.

पाहुणे आले त्या दिवशी चहा व्हायच्या आधीच नर्सबाईंनी माझा दंड धरला. मला तिच्याकडे घेऊन चल, म्हणाल्या. गल्लीतून आम्ही हळूहळू गेलो. काका इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे होते. बाईंनी आत पाऊल टाकलं, खोलीभर नजर फिरवली, एका माणसाचं अंथरूण पाहिलं आणि विचारलं, ती कुठे आहे?

"सांगा त्यांना," काका मला म्हणाले.

"तुम्ही सांगायचं. मी फक्त भाषा बदलणार." फटकळपणा सुचला तोही नको तिथे.

काकांनी हात सदऱ्याला पुसले. "ती गेली," म्हणाले. "साडेतीन वर्षं झाली."

मी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवून त्यांनी विचारलं, मग मला पत्रं कोण लिहीत होतं? काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीही शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"मी देवाला म्हणत होते, माझे गुडघे राहू देत, तिचे बरे कर," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. आम्हा दोघांनाही वर बघवत नव्हतं.

मग त्यांनी कबरीवर न्यायला सांगितलं. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने काकांचा दंड धरून त्या कबरस्तानात शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. कबरीशी बराच वेळ बोलल्या. मी त्याचं भाषांतर केलं नाही आणि काकांनीही विचारलं नाही. परत येताना फाटकाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, घरी गेल्यावर मला मंडळीला सांगावं लागेल. गेलेल्या माणसाचं नाव आजाऱ्यांत घेता येत नाही.

काकांना कळलं. "अजून एक रविवार?" त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी ते जमेल तितकं मऊ करून सांगितलं. बाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान हलवली. नाही.

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू? एका रविवाराने त्यांचं काय जाणार होतं? तो राग उतरायला मला दोन दिवस लागले. खोटं आम्ही पेरलं, आणि ते घेऊन देवापुढे उभं राहायचं त्या बाईने, हा कुठला न्याय?

दीड महिन्याने पत्र आलं. पाकिटावर काकांचं नाव होतं, पहिल्यांदाच. मी दुपारी त्यांच्या खोलीवर जाऊन वाचून दाखवलं. त्यांचे हात यंत्राच्या दांड्यावर होते.

"आम्ही रविवारी तिचं नाव आजाऱ्यांत नाही, प्रभूत झोपी गेलेल्यांत वाचलं. चौतीस जण होतो, सगळे उभे राहिले. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, नवऱ्याला रागवायची तीच का ही? मी हो म्हटलं. तिची पत्रं मी दर वेळी सगळ्यांना वाचून दाखवायचे, त्यामुळे ती सगळ्यांच्या ओळखीची होती. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. तुमच्यावर माझा राग नाही."

काकांनी दांडा सोडला. "इथे तिचं नाव कोण काढतं आता?" ते म्हणाले. "तिकडे आजारी तरी होती, ताई. आज गेली."

आणि ते रडायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी दार लोटून घेतलं आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले, मयताच्या घरी बसतात तशी, दिवस मावळेपर्यंत.