आधी तुमचं गाव सांगा

आप्पा गेले त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" आणि पन्नाशीला टेकलेला मी म्हणालो, "आधी तुम्ही कोण ते सांगा." त्यांनी आधी आपलं नाव सांगितलं आणि मग ती बातमी... फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ही शिकवण आप्पांचीच. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा त्यांनी मला उलटतपासणी केल्याशिवाय घेऊ दिली नाही.

आप्पा म्हणजे माझे काका. वडील मुंबईला नोकरीला असल्यामुळे मी वाढलो तो आप्पांच्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या घरात. ते शाळेत शिक्षक होते. आमचं मूळ गाव देवरूखच्या आत, डोंगरात. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पुढे आप्पांनी जुनं आडनाव टाकून गावावरून नवं घेतलं. शेवटी 'कर' लागलं की कोकणात माणूस सहज मिसळून जातो, अशी त्यांची समजूत. पण आपल्याकडची माणसं आडनावावर थोडीच थांबतात? आडनावानंतर गाव विचारतात, गावानंतर वाडी, आणि वाडी कळली की पुढे विचारायचं काही उरत नाही. म्हणून कुणी गाव विचारलं की आप्पा हसून म्हणत, "तुमचा कुटला, ता सांगा आदी." एरवी छापील मराठी बोलणारा हा माणूस एवढं एक वाक्य मात्र गावच्या बोलीत टाकायचा.

जनगणनेचं काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. आप्पा उन्हातान्हात दारोदार फिरत, खांद्याच्या पिशवीत घरचं पाणी भरलेला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या असे. लोकांची माहिती घ्यायला जावं, तर लोक आधी यांचीच घेत. एका घरी म्हाताऱ्यानं मुलं किती ते सांगण्याआधी विचारलं, "मास्तर, गाव कंचा तुमचा? वाडी कंची?" आप्पांनी नेहमीचं वाक्य टाकलं. पण न सांगणं हेही सांगणंच असतं. आतून पाणी घेऊन आलेली सून म्हाताऱ्याच्या एका नजरेनं उंबऱ्यातच थांबली. आप्पांनी पिशवीतला तांब्या काढून फिरकी सोडली, दोन घोट घेतले आणि पुढचा रकाना विचारला. ही गोष्ट ते हसत सांगायचे. मला कधी हसू आलं नाही.

माझ्या मुलीच्या, निशाच्या, प्रवेशासाठी जात पडताळणी करायची वेळ आली तेव्हा आप्पांचं आणि माझं वाजलं. सन एकोणीसशे पन्नासच्या आधीचा पुरावा हवा होता. जे सोडून आलो, ते आपलंच होतं हे सिद्ध करायचं! मी आधी नेटवर जुन्या जनगणनेची पुस्तकं उघडली. त्यात गावची घरं किती, माणसं किती, एवढंच. नाव एकाचंही नाही. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आकड्यात आपण चालतो रे. नावानं कशाला हवे असतो?" मग कळलं की गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्याही स्कॅन करून नेटवर टाकल्यात. शोधायला आजोबांचं आणि पणजोबांचं मूळ नाव हवं होतं, आणि ते फक्त आप्पांना ठाऊक. ते भडकले. "कुणी टाकलंय ते? कशासाठी? मी स्वतः भरलेत असले कागद. जे मागे टाकायला माझा जन्म गेला, ते तू घरबसल्या उकरून काढणार, आणि जगाला दाखवणार?"

"मग निशाची जागा जाऊ दे?" मीही चढ्या आवाजात विचारलं. ते उठून गेले.

काही दिवसांनी तांब्याची पिशवी घेऊन स्वतःच माझ्याकडे आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काढ." नावं सांगितली. एकेक पान सरकवत अखेर आजोबांचा जन्म सापडला. पुढच्या रकान्यात जात, ठसठशीत अक्षरात. आप्पा चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले... मग हळूच विचारलं, "आपल्याआधी हे कुणी बघितलं, ते कळतं का यात?"

"नाही, आप्पा."

"म्हणजे आपल्याला कळत नाही. त्यांना कळत असेल."

'ते' कोण, हे मी विचारलं नाही. त्यांचा संशय खोटा होता असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या दिवशी ते जेवले, पण पाणी माझ्या घरातही स्वतःच्या तांब्यातलंच प्यायले. फार लागलं मला ते.

पडताळणी झाली, प्रवेश मिळाला, आणि निशा वसतिगृहात जायच्या आधीच आप्पा गेले. त्यांच्यासाठी पुण्यानुमोदनाचा धम्मविधी झाला त्या दिवशी निशानं तो तांब्या मागून घेतला. परवा पुण्याहून तिचा फोन आला. तिच्यासोबत खोलीत राहणाऱ्या मुलीची आई सामान लावायला आली होती, दमली होती, तांब्यातलं पाणी प्यायली. गप्पाही झाल्या. रत्नागिरी म्हणजे कुठे, गाव कोणतं, वाडी कोणती...

"मग? तू काय म्हणालीस?"

"बौद्धवाडी म्हणाले. आणि मग म्हटलं, तुमचा कुटला, ता सांगा आता."

मी 'शाबास' म्हणणार होतो. आप्पा असते तर रागावले असते. पण तोंडातून माझ्या निघालं ते वेगळंच. "पाणी त्या वाडी विचारण्याआधी प्यायल्या, की नंतर?"

"आधी," निशा म्हणाली. "उद्या परत यायच्यात त्या, बाबा. तांब्या भरून ठेवलाय. पाणी मागितलं तर फोन करून सांगते."