पायरीवरची कोळशाची रेघ

“अजून एक भाग झिजलाय, मास्तर,” असं म्हणत दादा आमच्या पायरीवर बसत. मांडीवर करवत आणि खांद्यावर करवतीची वायर. एखाद्याने उपरणं टाकावं तशी ते ती वायर टाकत.

करवत विजेची होती. गिरणीच्या सुतारखात्यात त्यांनी ती कितीतरी वर्षं चालवली. ती भंगारात निघाली त्याच सुमाराला तेही कामावरून निघाले, आणि निरोपाच्या दिवशी साहेबाकडे दुसरं काही न मागता त्यांनी तीच मागून घेतली. गंमत अशी, की त्यांच्या खोलीत वीजच नव्हती. “दादा, रॉकेलवर चालती का ओ ही?” असं गल्लीतले लोक विचारत. दादा हसत आणि पुढे चालू लागत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भोंगा झाला की दारात येऊन उभे राहायचे, एवढी सवय मात्र राहिली होती. गल्लीत वीज आमच्याकडेच आलेली, म्हणून सुटीच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे येत.

तुम्हीही असे खटपटे लोक पाहिले असतील. पण यांच्या खटपटीत मला एक गोष्ट फार आवडे. मोटारीला वीज पोचवणारे कोळशाचे दोन लहान तुकडे त्या करवतीत असतात, त्यांना कार्बन म्हणतात. ते झिजले की मोटार बसली. गावात ते मिळत नव्हते. मग दादा टॉर्चचे संपलेले सेल गोळा करून फोडत, आतली कोळशाची कांडी काढत आणि आमच्या पायरीच्या शहाबादी फरशीवर घासून घासून मापाचा तुकडा बनवत. एकदा वायरीचं आवरण फाटलं, तर त्यांनी माझ्या बायकोकडून जुन्या रेशमी लुगड्याचा काठ मागून घेतला आणि तो वायरीला गुंडाळला. तेव्हापासून करवतीला हिरवी जरीकाठी वायर होती.

सगळं जुळलं की माजघरातला दिवा काढायचा आणि त्या जागी करवतीची वायर लावायची. करवत किंचाळली की आमची मांजर माळ्यावर पळे. दादा आमचं सरपण कापून देत. मग ही त्यांना भाकरी आणि शेंगांची चटणी वाढी. “वैनी, आमच्या घरात बी अशीच तिखट हुती चटनी,” असं ते दर वेळी म्हणत. सेलचा कोळसा मऊ, एका दुपारच्या कामातच झिजून जाई. कामाशिवाय कुणाच्या पायरीला बूड टेकायचं नाही, हा त्यांचा बाणा. नुसतं बसायला बोलावलं तर म्हणत, “काम काय हाय?”

एकदा मुंबईहून माझा भाचा आला. तो विजेच्या कारखान्यात होता. दादांची घासाघीस बघून त्याला दया आली, आणि पुढच्या खेपेला त्याने खरे विलायती कार्बन आणून स्वतःच्या हाताने बसवून दिले. करवत अशी काही चालली, की सरपण हां हां म्हणता संपलं. दादांनी करवत पुसली. “लई चांगलं काम झालं,” म्हणाले, आणि भाकरी न खाताच गेले.

पुढच्या सुटीला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. करवत मांडीवर घेऊन, वायर खांद्यावर टाकून ते भिंतीशी बसले होते.

“बिघडली का हो दादा?”

“न्हाई की,” ते म्हणाले. “बिघडंतच न्हाई.”

घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, “मग येतील तरी कशाला बिचारे?”

पण पुढच्या सुटीला ते आले. उन्हं जरा कलली होती. “अजून एक भाग झिजलाय, मास्तर,” म्हणत पायरीवर बसले आणि करवतीची टोपी उघडली. आत सेलचेच तुकडे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी फरशीकडे.

“ते चांगले हायती ओ,” ते हळूच म्हणाले. “पर झिजतच न्हाईत की.”

आतून ही म्हणाली, “मग हेच बरे. घासा तुम्ही, मी तवा ठेवते.”

त्या हिवाळ्यात ते तापाने गेले. पोचवायला आम्ही शेजारीच होतो. करवत आमच्याकडे आली. तिच्यासोबत फडक्याच्या पुरचुंडीत ते विलायती कार्बनही आले, जवळजवळ कोरेच. दुरुस्त करायला काही उरलेलं नव्हतं. ती करवत मी अजून लावून पाहिलेली नाही.

पायरीवर ते बसत तिथे कोळशाची काळी रेघ आहे. दिवाळीला ही सगळी फरशी घासून काढते, तेव्हा तेवढी जागा सोडते.