गुलाबी साडीवरचा निळा डाग

ओल्या रंगाचा वास आला की पलसाण्याची डाइंग मिल आठवते. तिथे मशीन बसवायला आलेल्या जर्मन इंजिनियरबरोबर त्याची बायको आली होती. देशाकडून फुटबॉल खेळून निवृत्त झालेली, आणि उंची अशी की ती आत शिरली की पंखे बंद करावे लागत. ताईलाही फुटबॉल खेळायचा होता, पण तिथेच रंगारी असलेले बाबा म्हणत, "पोरींनी लाथा मारायच्या?" एका रविवारी आवारात ताईचा बॉल रंगाच्या नाल्यात पडून निळाशार झाला आणि तो पाहून ती जर्मन बाई थांबली. बाबा लुंगी खोचून वाळत्या साड्यांपुढे उभे राहिले आणि ताईला म्हणाले, "मला चुकवून साडीला बॉल लाव, मग खेळ खुशाल!" बाईने मारला असता तर तो तापीपार गेला असता, पण तिने तो हळूच ताईकडे सरकवला. ताईने हाणलेला बॉल बाबांच्या पायांमधून थेट गुलाबी साडीवर! बाई अशी ओरडली की पार तिकडे भेस्तान गावातले लूम बंद पडले. "सेठ ही साडी माझ्याच गळ्यात मारणार," बाबा कण्हले. डबा घेऊन आलेली आई म्हणाली, "मग मी नेसते की!" आता ताई मुलींना फुटबॉल शिकवते, आणि आई लग्नाकार्यात तीच साडी नेसून डागाचा पदर मुद्दाम पुढे घेते. कोणी डागाचं विचारलंच, तर बाबा तिच्याआधी सांगतात, "जर्मन डिझाइन आहे."