पावना हाय!

“पावना हाय, पावना!” शिदूअण्णा ओरडले.

“बसवा त्यांना ऑफिसात. आलोच,” असं म्हणत विनोदने ओंडका पुढे सरकवला.

लगेच बँडसॉचं ब्लेड तुटलं. बँडसॉ म्हणजे दोन मोठ्या चाकांवर पट्ट्यासारखी फिरणारी करवत. तुकडा विनोदच्या कानाजवळून गेला आणि मागच्या लाकडी खांबात रुतला. विनोद मटकन खाली बसला. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

सांगलीजवळच्या त्या सॉ मिलमध्ये मी सुपरवायझर होतो. ओंडका बाभळीचा, लोणंदकडच्या रस्त्याकडेचा. अशा झाडांना लोक पाट्या ठोकतात, तारा बांधतात. झाड वाढत जातं आणि खिळा पोटात घेतं. बाहेरून काही कळत नाही. पहिली फळी सुटली की आत निळसर काळा डाग दिसतो. फळ्या उचलणारे शिदूअण्णा मिलमधले सगळ्यात जुने. डाग त्यांना दिसला होता. पण लोखंडाचं नाव घेतलं की ते ब्लेडला लागतंच, अशी जुन्या कामगारांची समजूत. म्हणून खिळ्याला म्हणायचं पावना.

ऑपरेटर विनोद नाशिकहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता.

शेठ धावत आले. “अण्णा, डोळे गेले काय तुमचे? उद्यापासून येऊ नका कामाला.”

“आवं शेठ, वरडलो की मी!”

“मला वाटलं, गिऱ्हाईक आलंय,” विनोद पुटपुटला.

दोघंही खरं बोलत होते. चूक माझी होती. विनोदला मी मोटर, बेल्ट, ब्रेक सगळं दाखवलं, हा एक शब्द सोडून. तो माझ्या इतका अंगवळणी पडला होता की सांगायचं सुचलंच नाही. शेठना तसं सांगितलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. शिदूअण्णा कामावर राहिले.

शेठनी व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम टाकला: यापुढे सरळ ‘लोखंड’ म्हणायचं. शिदूअण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ‘पावना’ म्हणून ओरडले. विनोदने मशीन थांबवली. तेव्हापासून नव्या माणसाला मी मशीनच्या आधी शब्द शिकवतो.

दिवाळीनंतर शेठचे व्याही मिल बघायला आले. वॉचमनने गेटवरून हाक दिली, “पावनं आलं!”

विनोदने झटक्यात मशीन बंद केली. सगळी मिल चिडीचूप.

व्याही भारावले. “आमच्या मानासाठी काम थांबवलंत? लय झालं हे,” म्हणाले.

शेठनी माझ्याकडे बघितलं, मी शिदूअण्णांकडे. खुलासा कोणीच केला नाही.