वारा आधी घरच्यांना

माझा भाऊ समाधान रोज सकाळी वारा सांगतो. हवामान खात्यात नाही हो. आमचं माहेर फुलवाल्यांचं, गुलाब-झेंडू-शेवंतीचं, आणि मळा धरणाच्या फुगवट्याला लागून. नाशकातली हौशी मंडळी तिथे पाण्यावर खेळायला येतात. कुणी फळीवर शीड उभं करून पळतं, कुणी स्वतःला भल्यामोठ्या पतंगाला बांधून घेतं आणि पाण्यावरून फरफटत जातं. आमच्या गावाने त्यांची नावं केव्हाच पाडून टाकलीत, शिडवाले आणि पतंगवाले. या सगळ्यांचा जीव वाऱ्यात. तो आज येणार का, कुठून येणार, किती येणार, हे सकाळी सांगायचं काम माझ्या भावाचं. चुकतोही भरपूर. पण सांगतो.

मी त्याची थोरली बहीण, लंका. मला सगळे आक्का म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरतात. घाबरावंच. मला पोटात एक ओठात एक जमत नाही.

समाधान लहानपणापासून हळवा. घरातून कुणी बाहेर निघालं की याच्या डोळ्यांना धार. माझी पाठवणी झाली तेव्हा आई सुद्धा रडली नाही इतका हा रडला. मी जाणार होते कुठे, तर इंदिरानगरला, बसने तासाभराच्या वाटेवर. पण याने असा हंबरडा फोडला की वऱ्हाडातली माणसं एकमेकांना विचारायला लागली, कुणाचं काय झालं का? मी तिथेच ओरडले, "अरे गप ना मेल्या, मी जिती हाय अजून!" तेव्हा कुठे थांबला. सांगायचं कारण इतकंच, की माणूस जायला निघालं की याची अक्कल आधी जाते.

वाऱ्याचं वेड मात्र कामातून लागलं. फुलांवर फवारणी करायची ती वारा पडलेला असताना. नाहीतर आपलं औषध शेजाऱ्याच्या मेथीवर आणि शेजाऱ्याचं भांडण आपल्या दारात. म्हणून याने बांधावर उंच बांबू रोवला आणि त्याला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. पट्टी लोंबती असली की फवारणी. हलायला लागली की पंप खाली. शिडवाल्यांचा कोच अमित एकदा पाणी मागायला मळ्यात आला, त्याने ती पट्टी पाहिली आणि विचारलं, "काका, दुपारी वारा राहील का?" समाधानने पट्टीकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं, मोबाइल काढून त्यातही पाहिलं, आणि म्हणाला, "राहील, पण जेवून घ्या आधी." तसंच झालं. दुसऱ्या दिवशी अमितने पुन्हा विचारलं, आणि मग तेच पडलं गळ्यात.

शिडवाल्यांच्या क्लबने त्याला वारा मोजायचं एक फिरकीचं यंत्र आणून दिलं. फोनवर सगळ्यांचा ग्रुप झाला. रोज सकाळी फुलं तोडून झाली की हा बांधावर जायचा, यंत्र हातात उंच धरायचा, पट्टी बघायचा, मोबाइलात बघायचा, आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा: "राम राम मंडळी, समाधान बोलतोय. आज पश्चिमेचा. जेवणाच्या आधी लागंल. नवख्यांनी काठाकाठानं खेळा." वहिनी शुभांगी मागून म्हणायची, "सिलिंडर संपलाय ते सांगायचं नाय, लोकांना वारा बरा सांगता!" तेही कधीकधी त्या रेकॉर्डिंगमध्ये जायचं. मग दिवसभर ग्रुपवर लोक विचारायचे, काका, सिलिंडर आला का?

एक गोष्ट मात्र मानायला हवी. आदल्या दिवशीचं चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी सुरुवात तिथूनच. "राम राम मंडळी. काल चुकलं माझं. वारा म्हणलो आणि तुम्ही उन्हात बसलात." मी म्हणायची, "कशाला रे स्वतःच्या तोंडाने?" तर म्हणायचा, "आक्का, वारा फसवंल. आपण नाय फसवायचं. पाण्यावर माणसं असत्यात." हे मला आवडायचं. मला माझ्या भावाचं फार काही आवडत नाही, पण हे आवडायचं.

आता दिशा. समाधानची एकुलती एक पोर. अमितने गावातल्या मुलांना फळीवर उभं राहायला शिकवलं, तेव्हा बाकीची मुलं आठवडाभरात कंटाळली आणि ही पाण्यातून बाहेर निघेना. काय ते अंग तोलणं, बाई! मी काठावर जीव मुठीत धरून बसायची आणि समाधान दोन्ही हात वर करून ओरडायचा, "शीड दाब! दाब, दिशे!" त्याला लय अभिमान. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायचा, ती बघा, लाल शीड, ती आमची.

अकरावीला ती माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आली, कॉलेजसाठी. शनिवार-रविवार मळ्यावर. आणि तेव्हापासून एक रीत पडली. ग्रुपला वारा सांगण्याआधी समाधान दिशाला फोन करायचा. आधी तिला वारा, मग जगाला. मी चिडवायची, तर म्हणायचा, "नैवेद्य आधी घरच्या देवाला, मग गावाला." पोरीने त्यामुळे तो ग्रुप कधी उघडूनच पाहिला नाही. कशाला पाहील? सगळ्यांना ऐकू येणारी गोष्ट तिला बापाच्या तोंडून आधी मिळायची. शिळा वारा कोण ऐकतं!

ती बारावीत असताना, भाद्रपदात, निवड करणारे दोघे बाहेरून आले. समुद्रावरच्या शिबिरासाठी मुलं निवडायची होती. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं, दोन वर्षं. दिशाच्या वयाला ती शेवटची संधी, पुढच्या साली ती वयात बसणार नव्हती. ते लोक शनिवार-रविवार थांबणार होते आणि ज्या दिवशी वारा लागेल त्याच दिवशी पोरांना पाण्यावर बघून परत जाणार होते. भाद्रपदातला वारा, त्याचा काय भरवसा? म्हणून अमितने सगळ्यांना सांगून ठेवलं, सकाळी समाधानकाका सांगतील तसं निघा. बारावीचा क्लास आता शनिवारीही असायचा, म्हणून दिशा माझ्याकडेच होती; तिने आदल्या रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवली. मला म्हणाली, "आत्या, पप्पांचा फोन आला की मी अंघोळ न करता निघणार हां. ओरडू नकोस."

शनिवारी सकाळी फोन आला. ती स्पीकरवर बोलली, मी पोळ्या लाटत होते, मी या कानांनी ऐकलं.

"आज काय नाय बाळा. पाणी कसं काचेवानी हाय. उद्यावर जाईल सगळं. तू आपली क्लासला जा."

"नक्की ना पप्पा?"

"नक्की."

बॅग दाराशी ठेवून पोरगी क्लासला गेली. क्लासमध्ये फोन बंद ठेवायचा नियम.

मी स्वयंपाक आवरला, बारा वाजत आले तेव्हा संध्याकाळची भाजी निवडायला बसले, आणि करमणूक म्हणून तो ग्रुप लावला. मला समाधानने त्यात घातलं होतं, सगळ्या खानदानालाच घातलं होतं. तर त्याचा आवाज: "राम राम मंडळी, समाधान बोलतोय. आज लय चांगला वारा. पश्चिमेचा, सरळ. दहानंतर वाढंल. परीक्षेच्या पोरांनी वेळेत या, दुपारनंतर पडंल."

मी ते तीनदा ऐकलं. आधी वाटलं कालचं असेल. मग हातातली मेथी तशीच टाकून स्कूटी काढली.

क्लासच्या बाईंशी भांडून दिशाला वर्गातून उठवलं, मागे बसवलं. काय सांगू तिला? म्हणाले, वारा आलाय, चल. ती पाठीमागून विचारत राहिली, "पण पप्पा तर म्हणाले..." मी म्हणाले, "घट्ट धर." गंगापूर रोडला ही गर्दी, प्रत्येक सिग्नल लाल. मी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील इतक्या शिव्या त्या सिग्नलला दिल्या. शिव्या खरं तर दुसऱ्याच्याच होत्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा शिडं गुंडाळणं चाललं होतं. निकिता म्हणून एक मुलगी होती, दिशाच्याच बरोबरीची, तिला सगळे उचलून घेत होते. अमित धावत आला. "अगं, होतीस कुठे? मी किती फोन केले! काकांना विचारलं तर ते म्हणाले, येतेय ती, वाटेत आहे." निवड करणारे गाडीत बसले होते. अमितने त्यांना विनंती केली, मी हात जोडले. त्यांनी उतरून वाऱ्याकडे पाहिलं. पाण्यावर तरंग सुद्धा उरला नव्हता. आमच्या भावाने सांगितलं होतं तसंच, दुपारनंतर पडला.

दिशा तडक वळली. मळ्याच्या बांधावर गेली. समाधान तिथेच उभा होता, बांबूला धरून.

"पप्पा, सकाळी ही पट्टी बघितली होती तुम्ही?"

"बघितली."

"काय दिसलं?"

"आडवी व्हती."

"मग?"

खोटं बोलायला तेव्हाही वाव होता. पण हा म्हणाला, "तू गेली असती."

"जाणारच होते ना पप्पा. पण परत येणार नव्हते का?"

  तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, आणि मी, जिने त्याला रस्ताभर शिव्या घातल्या, ती बघत राहिले. मग म्हणायचं ते म्हणालेच. "परक्यांना खरा वारा सांगितलास आणि पोटच्या पोरीला खोटा. शरम वाटली नाही?" तो म्हणाला, "आक्का, त्यांना खोटं सांगून कसं चाललं असतं? पाण्यावर जाणार व्हते ते." पुढे म्हणाला, "फोन लावला तवा खरंच सांगणार व्हतो गं. तिचा आवाज ऐकला आणि तोंडातून दुसरंच गेलं." मला ते खरं वाटतं. पण म्हणून राग कमी होत नाही.

दुसऱ्या सकाळी ग्रुपवर त्याचा आवाज आला. "राम राम मंडळी. कालचा वारा बरोबर व्हता. चुकलो मीच." एवढंच. लोकांना काही कळलं नाही. कुणीतरी विचारलं, काका, सिलिंडर आला का?

तीन वर्षं झाली याला. निकिता समुद्रावर आहे, मोठमोठ्या स्पर्धांत फोटो येतात तिचे. दिशा माझ्याकडेच राहते, कॉलेज करते, हसते, खाते. लाल शीड मळ्यातल्या खोलीत गुंडाळून आहे. दोन वर्षं ती त्याच्या वाटेलाही गेली नाही. मागच्या वर्षापासून कधीतरी रविवारी जाते पाण्यावर, थोडा वेळ. खेळते छान. पण काठावर आता कुणी ओरडत नाही. समाधान शेवंतीच्या वाफ्यात वाकलेला असतो आणि तिथून चोरून बघतो.

बापाशी तिने भांडण कधीच केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणाने मन मोकळं होतं. सकाळचा फोन अजूनही येतो, आधी तिला, मग जगाला. ती गोड बोलते. "हो का पप्पा? पश्चिमेचा का? बरं." फोन ठेवते, आणि लगेच मोबाइलात वाऱ्याचं पान उघडून बघते. मग ग्रुप उघडते आणि बापाने जगाला काय सांगितलं ते ऐकते. दोन्ही जुळलं तरच बॅग उचलते. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकणारच. मी रोज बघते आणि पोळ्या लाटते.

गेल्या आठवड्यात समाधान फुलांची क्रेट देऊन परत जाताना माझ्याकडे चहाला आला. दिशा कॉलेजात होती. बशीत चहा ओतला, प्यायला नाही. म्हणाला, "आक्का, एक विचारू? तू खोटं बोलत नाय म्हणून तुलाच विचारतो."

"विचार."

"मी फोन ठेवल्यावर ती मोबाइलात बघती का गं? का माझ्या शब्दावर निघती?"

माझ्या जिभेवर खरं होतं. त्याला ते मिळायलाच हवं होतं, आणि द्यायला माझ्याइतकं योग्य कुणी नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. केस पिकलेत, दाढीचे खुंट पांढरे, आणि डोळे माझ्या पाठवणीच्या दिवशी होते तसेच.

"नाय रे," मी म्हणाले. "तुझ्या शब्दावर निघती."

त्याने बशी उचलली आणि चहा प्यायला. माझ्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे.