एकदाच नेसायचं लुगडं

वहिनी गेली त्या दुपारी मी तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. दारात शेजारच्या पार्वताबाई येऊन उभ्या राहिल्या. पायात चप्पल नव्हती, पदर डोक्यावरून घसरला होता. एवढंच म्हणाल्या, "चाल वो बाई घरी..." पुढचं विचारायची गरज नव्हती. महिनाभर आम्ही सगळे त्याच वाक्याची वाट बघत होतो आणि वाट बघतोय हे एकमेकांना कळू देत नव्हतो. खोटं कशाला बोलू, वाटेनं मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो लुगड्याचा. ट्रंकेतून ते जांभळं लुगडं काढायचं, आणि कुणी काहीही म्हणो, वहिनीला तेच नेसवायचं. मी शब्द दिला होता. शेवंतावहिनीनं उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट, आणि तेवढीही माझ्याच्यानं झाली नाही. आज सहा आठवडे झाले त्याला.

माझा थोरला भाऊ भंडाऱ्याकडची शेती धाकट्या काकांवर सोडून भिलईला आला, तेव्हा इथं कारखाना नव्हता, कारखान्याचे खड्डे होते. तो रिगर म्हणून लागला. लोखंडाची अवजड धुडं साखळ्यांनी बांधून क्रेननं वर चढवायची, हे त्याचं काम. वहिनी लग्न होऊन आली ती थेट तंबूत, क्वार्टर मिळालं ते मागून, आणि माझी वर्णी त्याच्याही मागून लागली, शिकायला म्हणून. मी धाकटी नणंद, म्हणून वहिनी माझ्या नावापुढे 'बाई' लावायची, पण बोलायची अगं-तुगंनंच. तेव्हा भिलईत मुरुमाची लाल धूळ इतकी उडायची की भाऊचं पांढरं धोतर दोरीवर घातलं की संध्याकाळी गोसाव्याचं होऊन घरात यायचं. कपडे टिकत नसत, म्हणूनच असेल, वहिनीनं स्वतःचं एक माप काढलं होतं. कपडा दिसतो कसा, हे ती दुसऱ्यांदा विचारायची. आधी विचारायची, "किती वेळा घालशील?"

आणि नुसतं विचारून थांबली असती तर ती वहिनी कसली! दुकानदारासमोर बोटं मोजायला लावायची. मैत्रिणीच्या लग्नासाठी मला गुलाबी नायलॉनचं पातळ हवं होतं. तेव्हा नायलॉन नवं निघालेलं, आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तेच भरलेलं. वहिनी सुपेल्याच्या दुकानात मांडी ठोकून बसली.

"कुठं कुठं नेसशील, सांग."

"लग्नात."

"अन् मंग?"

"दुसऱ्या लग्नात."

"तिथं बी हेच लोक येतीन. म्हनतीन, मीराबाईचं हेच एक पातळ हाय. मंग नेसशील का तू?"

मी पातळ खाली ठेवलं. दुकानदार गालातल्या गालात हसत होता. मी घरी येऊन जेवले नाही, आणि तिनंही मनधरणी केली नाही. वाटलं, काय ही कवडीचुंबक बाई! पण वर्षभरानं मला शाळेत नोकरी लागली, तेव्हा हीच बाई मला दुर्गला घेऊन गेली आणि चांगल्या पोताची सुती पातळं, सोबत तशाच कापडाचे परकर आणि मऊ चामड्याची चप्पल घेऊन दिली. मी म्हटलं, परकर कोण बघतंय, ते साधे चालतील. त्यावर म्हणाली, "जे रोज आपल्या अंगाले लागते थे चांगलं पायजे. वर्षातून एकडाव लोकाईच्या डोळ्याले लागते, थे लोकाईनं घेऊन द्यावं." त्यातलं एक पातळ अजून माझ्या वापरात आहे.

हे माप तिनं दुसऱ्यांना लावलं त्याच्या दुप्पट स्वतःला लावलं. भाऊची मात्र हौस मोठी. माणूस दिवसभर लोखंडाशी झटतो, पण घरी येताना त्याला काहीतरी मऊ आणावंसं वाटायचं. पहिल्या भट्टीतून लोखंड निघालं त्या वर्षी दिवाळीला त्यानं कोशाच्या रेशमाची साडी आणली, मोतिया रंगाची. वहिनीनं ती हातात घेतली, गालाला लावून पाहिली. मी बघितलं, आवडली होती तिला, चांगली आवडली होती. मग तिनं होती तशी घडी घातली आणि म्हणाली, "नेसून जाऊ कुठं? कोक ओव्हनच्या भट्टीवर हळदीकुंकू हाय का?" आम्ही पोट धरधरून हसलो. भाऊही हसला. दुसऱ्या दिवशी साडी परत गेली आणि तिच्या बदल्यात रोजची लुगडी आली, त्यातलंच ते जांभळं. पुढेही भाऊनं हा प्रयोग केला, दरवेळी तेच. शेवटी तो दुकानदार म्हणायला लागला, "भाऊसाहब, आपके यहाँ साड़ी घूमने जाती है." ही गंमत भाऊ सगळ्या पाळीत सांगत असे. सांगताना तो हसायचा खरा, पण आता वाटतं, त्याला ते लागतही असणार. आम्ही कुणी विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा, मग हिंग, मग मरोद्याच्या वैद्याचा काढा. दवाखान्यात नेलं तोवर गाठ वाढली होती. नागपूरलाही नेऊन आणलं. डॉक्टरांनी भाऊला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी ठेवा, जे मागेल ते द्या. जे मागेल ते द्या! अहो, मागणारी असती तर ना! दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर घरच्यांना निदान धावपळ तरी करता आली असती. आम्ही हात बांधल्यासारखे बसलो होतो. भाऊनं मला बजावलं, तिला काही कळू द्यायचं नाही. मी बरं म्हटलं. तिच्यासमोर हसत राहायचं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचं, हा माझा दिनक्रम झाला.

थंडी लागली तशी ती कुडकुडायला लागली. अंगात मांसच उरलं नव्हतं. मी निळी लोकर आणली आणि एका सकाळी दोरीनं तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागले.

"कोनाचं माप घेऊन राहिली?"

"तुझंच. स्वेटर विणते."

"किती वेळा घालीन मी?"

तिचा नेहमीचाच प्रश्न, नेहमीच्याच सुरात. आणि मी, जिनं त्याचं उत्तर देताना आजवर शंभरदा तोंडावर आपटून घेतलं होतं, पटकन म्हणून गेले, "शंभर वेळा!"

ती भिंतीला टेकली. "भिलईत थंडी किती रोज पडते वो?"

"असेल दोन महिने..."

"म्हंजे साठ झाले. त्यातले पंधरा तुह्या विनाईत जातीन. मंग शंभर कसे झाले, मास्तरीन?"

"पुढच्या थंडीत..." मी म्हणाले. रोज चाळीस पोरांसमोर उभी राहणारी मी, माझा चेहरा मला सांभाळता आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोरी माझ्या हातातून काढून घेतली आणि हळूच तिची गुंडाळी करू लागली. "समजलं मले," म्हणाली. "रडू नोको. अन् तुह्या भावाले सांगू नोको, मले समजलं म्हनून. थो मोडून जाईन." भाऊनं इतके दिवस जपलेली गोष्ट मी एका आकड्यानं सांगून टाकली होती. तिनं ती लोकर तिच्या लेकीच्या, मंदाच्या मापानं विणायला लावली, वाढतं अंग म्हणून बाह्या दोन बोटं लांब ठेवून.

त्यानंतर चार-सहा दिवसांनीच तिनं ते मागितलं. मी तिची वेणी घालत होते. म्हणाली, "मी गेली का बाया नवं लुगडं आनाले धावतीन. सवाष्न म्हनून हिरवं. एकडाव नेसाचं, थे बी आपल्याले दिसत नाई, अन् जाळून टाकाचं. मले नोको. माह्यं जांभळं नेसवजो. लय नेसलं थे मी, अंगाची सवय हाय त्याले. आन घे माह्यी." मी तिच्या गळ्याला हात लावून आण घेतली. घेताना वाटलं, एवढं तर माझ्या हातात आहे, एवढं तरी मी करू शकते.

त्या दिवशी घरी पोचले तो बायका जमल्याच होत्या. शेवटचं लुगडं माहेरचं असावं अशी आमच्यात रीत. पण तिच्या माहेरी, तुमसरला, तार गेली तरी तिचा भाऊ दुसऱ्या दिवसाआधी पोचणार नव्हता आणि मोठी माणसं दिवस मावळायच्या आत उरकायचं म्हणत होती. मी मनात म्हटलं, बरंच झालं, देवानंच वाट काढली. ट्रंक उघडली, जांभळं लुगडं काढलं आणि बायकांसमोर धरलं. "हेच नेसवायचं. तिनं सांगितलंय." पार्वताबाई माझ्यावर खेकसल्याच, "सवाष्न बाई जुनेऱ्यात धाडाची का? लोकं काय म्हनतीन?" मी भांडले, खरंच भांडले. म्हटलं, आयुष्यभर लोकांसाठी काही नेसली नाही ती, आता का? माझा आवाज चढला होता. आणि त्या आवाजात, इतका वेळ भिंतीशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेला भाऊ उठला, सायकल काढली आणि कुणाला काही न सांगता गेला.

तासाभरानं आला. हातात पुडकं. आत कोसा होता, हिरवा, लाल काठाचा, इतका सुरेख की बायका रडता रडता गप्प झाल्या. माझ्या हातात जांभळं लुगडं तसंच. भाऊनं माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "चांगलं हाय ना, मीरे?"

काय बोलू? तिची आण की त्याचा चेहरा? मी "चांगलं आहे" म्हटलं. तिला ते नेसवताना निऱ्या मीच धरल्या.

गेल्या रविवारी अंथरुणं उन्हात घालायला काढली, तर भाऊच्या उशीखाली ते जांभळं लुगडं. मला राहवेना. भाऊ दुसऱ्या पाळीला निघाला होता, खाली बसून बुटाचे बंद बांधत होता. मी त्याच्यासमोर उभी राहून सगळं सांगितलं. तिला माझ्यामुळे कळलं होतं ते, आण घेतली ते, आणि तो पुडकं घेऊन आला तेव्हा मी गप्प राहिले ते. म्हटलं, मार मला, पण मनात ठेवून माझ्याच्यानं जगवत नाही.

त्यानं बंद बांधायचं थांबवलं नाही. "मले बी सांगतलं होतं तिनं."

"काय?"

"हेच. जांभळं नेसवा म्हने. माह्याजवळून बी आन घेतली. अन् म्हने, मीराबाईले सांगू नोका, पोरगी मोडून जाईन."

इतके दिवस दोघं एका घरात, एका ताटवाटीला... "मंग आणलं कावून रे तू?" मी ओरडलेच त्याच्यावर. "आण घेऊनसुद्धा? कावून?"

भाऊ उठला. दाराची चौकट धरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या खेपेले थे नाई म्हनू शकत नव्हती, मीरे. म्हनूनच आनलं."

भोंगा झाला, तसा तो डबा घेऊन निघून गेला. मी लुगडं झटकलं, घडी घातली आणि पुन्हा त्याच्या उशीखाली ठेवलं.