मिद्यानी मुलीची चंद्रकोर

सिंगापुरात, आमच्या वुडलँड्सच्या शेजारणीच्या चर्चमध्ये बायबलमधल्या गोष्टीवर मुलांचं नाटक होतं. हौस म्हणून माझी आठ वर्षांची लेकही त्यात गेली आणि तिला मिद्यानी बाईचं काम मिळालं.

"मिद्यानी म्हणजे कोण गं?" मी विचारलं.

"बॅड पीपल, लाह! बाहेरून उंट घेऊन येतात, सगळं खाऊन टाकतात. मग आमचा हिरो गिदोन त्यांना पळवून लावतो," इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत ती म्हणाली.

'बाहेरून येतात' ऐकताच मी विषय बदलला. नवऱ्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथला कामाचा परवाना, रिन्यूअलला अडकलेला, त्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब पास नाकारल्यामुळे नुकतंच सामान बांधून पुण्याला परतलेलं. एमआरटी ट्रेनमध्ये कुणी नुसतं वळून पाहिलं तरी मला वाटायचं, झालं, म्हणत असतील, आले हे खायला! लेकीला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं.

शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, मोशे इजिप्तमधून पळून आला तेव्हा याच मिद्यान्यांनी त्याला आसरा दिला. त्यांच्या पुजाऱ्याने आपली मुलगी दिली त्याला."

"मग मोशेचे लोक त्यांच्यावरच का उठले?"

"ती वेगळी गोष्ट, लाह," असं म्हणून ती वेषाकडे वळली. तिने सांगितलं, मिद्यानी लोक सोनं घालत, उंटांच्या गळ्यातसुद्धा चंद्रकोरी असत.

चंद्रकोर? मग काय विचारता! मी लेकीला नऊवारी नेसवली, नथ घातली, कपाळावर कुंकवाची ठसठशीत चंद्रकोर काढली. कुठून ही अवदसा आठवली मला! बाकीचे मिद्यानी चादरी गुंडाळून आलेले. स्टेजवर शत्रू म्हणून उठून दिसत होती ती एकटी माझी पोर.

अंधार झाला. गिदोनच्या पोरांनी मडकी फोडली, टॉर्च रोखले आणि सगळी ओरडली, "गो होम! गो होम!" लोक हसत टाळ्या वाजवत होते.

बाकीचे मिद्यानी पडद्यामागे पळाले. ही स्टेजवरून उतरली, थेट माझ्याकडे आली आणि मला घट्ट बिलगली.

"आई, बाबांचा पास नाही आला ना? आता आपल्याला पण पळायचंय?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. आजूबाजूचे आमच्याकडे बघत होते. मी ओढणीचं टोक घेतलं आणि तिच्या कपाळावरची चंद्रकोर पुसून टाकली.